सर रिचर्ड टेंपल : नागपूरचे चीफ कमिशनर आणि दोन दुष्काळ

कळमेश्वरची नगरपालिका १८६७ साली स्थापन झाली. त्याच वर्षी नागपूरला मुंबईकडून आगगाडी आली आणि त्याच वर्षी मध्यप्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी नागपूरचा निरोप घेतला. आपल्या परिसरातील अनेक संस्थांचा उगम ज्यांच्या कारकिर्दीत सापडतो, त्या या अधिकाऱ्याचा परिचय वाचकांना करून देणे आम्हांस उचित वाटते. त्यांचे जीवन केवळ गौरवाचे नाही. त्यात एक गंभीर प्रश्नही दडलेला आहे.

रिचर्ड टेंपल यांचा जन्म ८ मार्च १८२६ रोजी इंग्लंडमधील वूस्टरशायर परगण्यात झाला. रग्बी येथील प्रसिद्ध शाळेत व त्यानंतर ईस्ट इंडिया कंपनीच्या हेलिबरी महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. बंगालच्या मुलकी सेवेत दाखल होऊन ते हिंदुस्थानात आले आणि पंजाबात जॉन लॉरेन्स यांच्या हाताखाली तयार झाले. घोड्यावरून दूरदूरचा मुलूख पाहणे, रात्री बसून लांबलचक अहवाल लिहिणे आणि सवड मिळताच जलरंगात निसर्गचित्रे काढणे, हा त्यांचा स्वभावच होता.

१८५३ साली तिसरे रघुजी भोसले निधन पावल्यावर नागपूरचे राज्य खालसा झाले होते. पुढे २ नोव्हेंबर १८६१ रोजी नागपूर आणि सागर-नर्मदा प्रदेश एकत्र करून मध्यप्रांत निर्माण करण्यात आला. १८६२ मध्ये टेंपल यांच्याकडे या नव्या प्रांताची सूत्रे आली. प्रांत विस्तीर्ण, रस्ते थोडे, जंगले दाट आणि शासनाजवळ माहिती अपुरी अशी त्या वेळची स्थिती होती. टेंपल यांनी प्रांतभर दौरे केले. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, ज्याला आपण सारे अजब बंगला म्हणतो, ते १८६३ मध्ये त्यांच्याच काळात उभे राहिले. रस्ते, शाळा आणि न्यायालये यांची घडी बसू लागली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला व वऱ्हाड-नागपूरच्या कापसाला अपूर्व भाव आला. तोही हाच काळ होय.

याच वर्षांत जमिनीचा मोठा बंदोबस्त झाला. भोसल्यांच्या काळात गावचा सारा गोळा करणाऱ्या पाटलांना व मालगुजारांना सरकारने जमिनीचे मालकी हक्क दिले. हेतू चांगला होता : मालकी मिळाली की माणूस जमीन सुधारील. परंतु मालकीबरोबर जमीन गहाण टाकण्याचा व विकण्याचा हक्कही आला. कालांतराने कित्येक गावे सावकारांच्या हाती गेली आणि प्रत्यक्ष नांगर धरणारा कास्तकार कूळ होऊन राहिला. ही मालगुजारी पद्धत १९५१ साली संपुष्टात आली.

स्कॉटिश मिशनचे स्टीफन हिस्लॉप यांच्याशी टेंपल यांचा स्नेह होता. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट परिसरातील प्राचीन शिळावर्तुळे पाहून टेंपल यांच्या तळाकडे येत असता हिस्लॉप पुराच्या पाण्यात बुडाले. त्यांनी आदिवासींविषयी लिहून ठेवलेली टिपणे टेंपल यांनी स्वतः संपादित करून १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. मित्राचे अपुरे काम पुरे करण्याची ही निष्ठा आम्हांस स्मरणीय वाटते.

नागपूरनंतर हैदराबादचे रेसिडेंट, पुढे परराष्ट्र सचिव आणि मग व्हाइसरॉयच्या मंडळात अर्थसदस्य, अशी त्यांची बढती होत गेली. १८७४ साली बिहारात दुष्काळ पडला, तेव्हा मदतीचे काम त्यांच्यावर सोपवण्यात आले व त्याच वर्षी ते बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर झाले. ब्रह्मदेशातून साडेचार लाख टनांच्या आसपास तांदूळ आणवून तो गावोगाव पोहोचवण्यात आला. उपासमारीने फार थोडी माणसे दगावली. तथापि कौतुकाऐवजी टेंपल यांच्या वाट्याला उधळपट्टीचा ठपका आला.

तीनच वर्षांनी कसोटीचा दुसरा प्रसंग आला. दख्खन व मद्रास इलाख्यात भीषण दुष्काळ पडला होता. जानेवारी १८७७ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी टेंपल यांना काटकसरीच्या सूचना देऊन दक्षिणेत पाठवले. या वेळी त्यांनी दुष्काळी कामावरील मजुराची मजुरी एका प्रौढामागे दिवसाला एक पौंड, म्हणजे अर्धा किलोहूनही कमी, धान्य आणि वर किरकोळ पैसे इतकी खाली आणली. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडून विरोध केला व पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी एवढ्या अन्नावर कष्ट करणारे शरीर टिकणार नाही हे ठामपणे दाखवून दिले. अखेर मद्रासमध्ये काही महिन्यांतच मजुरी वाढवावी लागली; पण तोवर पुष्कळ उशीर झाला होता. या दुष्काळात ब्रिटिश मुलखात सुमारे ५५ लाख माणसे मृत्युमुखी पडली, असा एक प्रचलित अंदाज आहे.

१८७७ ते १८८० या काळात टेंपल मुंबईचे गव्हर्नर होते. वासुदेव बळवंत फडके यांचे बंड १८७९ साली याच दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर झाले आणि त्याच वर्षी कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी दख्खनचा कायदा करण्यात आला. पुढे टेंपल मायदेशी परतले, १८८५ ते १८९५ पार्लमेंटचे सभासद राहिले आणि १५ मार्च १९०२ रोजी लंडनमधील हॅम्पस्टेड येथे निवर्तले.

बिहारात ज्यांनी लाखोंना जगवले, तेच दक्षिणेत एवढे कठोर कसे झाले? आमच्या मते, टेंपल क्रूर नव्हते. ते आज्ञाधारक होते. वरिष्ठांची नाराजी त्यांनी एकदा सोसली होती. ती पुन्हा सोसण्याचे धैर्य त्यांना झाले नाही. डॉ. कॉर्निश हेही त्याच सरकारचे नोकर होते, परंतु भुकेल्याच्या ताटाकडे पाहून त्यांनी आपले मत दिले. टेंपल यांच्या पदांची यादी लांब आहे आणि नागपूरवरील त्यांचे ऋणही आम्ही मान्य करतो. मात्र ज्याच्या लेखणीने दुसऱ्याच्या भाकरीचा आकार ठरतो, त्याने हा दुसरा दुष्काळ विसरू नये, एवढेच आम्हांस सुचवावेसे वाटते.