मुळशीचे सेनापती

धरणग्रस्तांचा लढा म्हटला की नर्मदा आठवते. त्याच्या सहा दशके आधी, पर्यावरण हा शब्दही रूढ नसताना, पुणे जिल्ह्यातील मुळशी पेट्याने टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला होता. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते याच लढ्यात.

पारनेर येथे १२ नोव्हेंबर १८८० रोजी जन्मलेले बापट अभियांत्रिकी शिकण्यासाठी शिष्यवृत्तीवर एडिंबरोला गेले आणि बॉम्बची विद्या घेऊन परतले. मुळा-नीला संगमावरील धरणातून मुंबईला वीज मिळणार होती. बुडणार होती मावळ्यांची भातखाचरे. १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू झाला. बापटांनी वारंवार तुरुंगवास भोगला. पुण्यातील सावकार जमीनमालकांना मात्र मोबदल्यात रस होता. एकी फुटली, लढा ओसरला. अखेर १९२४ मध्ये बापटांनी हाती पिस्तूल घेऊन धरणाच्या कामावरील रेल्वे अडवली. सत्याग्रहाच्या चौकटीत हे बसणारे नव्हतेच. शिक्षा झाली सात वर्षांची.

ते सुटले तेव्हा खोऱ्यात पाणी भरले होते. पुढे गोवामुक्ती व संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांतही हा वृद्ध सेनानी उतरला. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांचे निधन झाले.