कै. स्मिता पाटील

आपल्या रायगड जिल्ह्यातील डोंगरांत राहणारे ठाकर आपणांस परिचित आहेतच. त्यांच्या जीवनावरील ‘जैत रे जैत’ (१९७७) ह्या चित्रपटात चिंधीची भूमिका करणाऱ्या स्मिताबाईंचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ रोजी पुण्यास झाला. मातोश्री विद्याताई समाजसेविका होत्या. तोच वारसा कन्येने रुपेरी पडद्यावर चालविला. मुंबई दूरदर्शनवर बातम्या देता देता त्या चित्रसृष्टीत आल्या. ‘मंथन’मधील खेडूत स्त्री, ‘चक्र’मधील झोपडीतील माता, ‘उंबरठा’मधील घर सोडून महिलाश्रमाचे काम पत्करणारी सुलभा, ह्या साऱ्या त्यांनी जिवंत केल्या. ‘भूमिका’ व ‘चक्र’ ह्यांकरिता त्यांस राष्ट्रीय पुरस्कार लाभले. १९८५ साली पद्मश्री मिळाली. पुत्रजन्मानंतर थोड्याच दिवसांत, १३ डिसेंबर १९८६ रोजी, अवघ्या एकतीस वर्षांच्या असता त्या निवर्तल्या. ज्यांच्याकडे आपण एरवी पाहतही नाही, त्यांची सुखदुःखे त्यांनी आपणांस पाहावयास लाविली.