बर्फाचे व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर

उन्हाळ्यात लग्नकार्यासाठी बर्फाची लादी आणावयाची झाली, तर ती भुशात ठेवून गोणपाटात गुंडाळतात. ही साधी युक्ती ज्यांनी जगभर चालविली, आणि बर्फापायी ज्यांना तुरुंगही पाहावा लागला, त्या फ्रेडरिक ट्यूडर यांचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

अमेरिकेतील बॉस्टन शहरी ४ सप्टेंबर १७८३ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील वकील, घर सुखवस्तू. भाऊ हार्वर्डला शिकले. फ्रेडरिक मात्र तेराव्या वर्षी शाळा सोडून धंद्यात पडले. बॉस्टनभोवतालची तळी हिवाळ्यात गोठतात. तेथील फुकटचा बर्फ उष्ण देशांत नेऊन विकावा, हे त्यांच्या मनाने घेतले. असला माल न्यावयास कोणी जहाजवाला तयार होईना, तेव्हा त्यांनी स्वतःच जहाज विकत घेतले व फेब्रुवारी १८०६ मध्ये ते मार्टिनिक बेटाकडे निघाले. गावात त्यांचे हसे झाले.

बर्फ पोहोचला, पण बेटावर तो ठेवावयास जागा नव्हती आणि तो कसा जपावा हे लोकांना ठाऊक नव्हते. एकाने तो भर दुपारी उन्हातून नेऊन दारापुढे थाळीत ठेवला, दुसऱ्याने पाण्यात टाकला, तिसऱ्याने मिठात घातला. आणि वर तक्रार अशी की, बर्फ टिकत नाही! पाणी हवेपेक्षा कितीतरी लवकर उष्णता पोहोचविते. मिठाने तर बर्फ शून्य अंशाखालीही वितळू लागतो. मीठ मासळी टिकविते, बर्फ नव्हे. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी तीन बशा घेऊन मुलांना हे अवश्य करून दाखवावे: एक तुकडा नुसता, एक पाण्यात, एकावर कोरडे मीठ.

या धंद्यात ट्यूडर कर्जात बुडाले. १८१२ व १८१३ मध्ये त्यांना कर्जापायी तुरुंगात राहावे लागले. त्यांच्याच मॅसॅच्युसेट्स प्रांतात स्थापन झालेल्या अमेरिकन बोर्डाने पाठविलेले रे. गॉर्डन हॉल मुंबईस उतरले तेही १८१३ सालीच.

१८१६ मध्ये त्यांनी हवाना येथे दुहेरी भिंतींचे बर्फघर उभारले आणि खरा अभ्यास तेथे केला. किती पाणी गळते ते मोजावे, भिंतींतील भरण बदलावे, पुन्हा मोजावे. एक ग्रॅम बर्फ वितळण्यास सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते. तेवढ्यात एक ग्रॅम पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापते. म्हणजे बर्फ मुळात चिवटच. बाहेरची उष्णता त्याच्यापर्यंत हळू पोहोचली की झाले. लाकडाच्या वखारींतून फेकून दिला जाणारा भुसा या कामी उत्तम ठरला, कारण त्याच्या कणांमध्ये हवा अडकून राहते. मात्र भुसा कोरडा हवा आणि गळलेल्या पाण्याला वाट हवी. १८२५ मध्ये त्यांचे सहकारी नॅथॅनिएल वायेथ यांनी घोड्याने ओढावयाचा बर्फ कापण्याचा नांगर काढला. त्याने सारख्या मापाच्या चौकोनी लाद्या मिळू लागल्या. त्या एकमेकींना भिडवून रचल्या की मध्ये वारा खेळत नाही, आणि ढीग जितका मोठा तितका वजनाच्या मानाने त्याचा उघडा पृष्ठभाग कमी.

याची कसोटी लागली ती आपल्या देशाच्या वाटेवर. १२ मे १८३३ रोजी ‘टस्कनी’ हे जहाज १८० टन बर्फ घेऊन बॉस्टनहून निघाले. दोनदा विषुववृत्त ओलांडून सुमारे चार महिन्यांनी ते कलकत्त्यास लागले, तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता! पुढे मुंबई व मद्रास येथेही बर्फघरे झाली.

ट्यूडर यांना आम्ही साधुपुरुष म्हणणार नाही. प्रतिस्पर्धी आला की ते भाव पाडीत आणि त्याचा माल धक्क्यावर वितळू देत. मार्टिनिक व हवाना येथील त्यांची धनिक गिऱ्हाइके गुलामांच्या श्रमावर जगत होती, हेही विसरता येत नाही. शिवाय कॉफीच्या सट्ट्यात त्यांनी दोन लाखांहून अधिक डॉलर घालविले. ते कर्ज मात्र त्यांनी पुढे कित्येक वर्षे बर्फाच्याच उत्पन्नातून फेडले. वयाच्या पन्नाशीत, १८३४ मध्ये, त्यांनी लग्न केले. सहा मुले झाली.

६ फेब्रुवारी १८६४ रोजी बॉस्टन येथे ते वारले. पुढे यंत्राने बर्फ होऊ लागला व हा व्यापार बंद पडला. मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावरील त्यांचे बर्फघर मात्र अजून उभे आहे. १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद तेथे राहिले होते, म्हणून त्या इमारतीस आता विवेकानंदर इल्लम म्हणतात.