आना ओ. यांचं खरं नाव

आम्ही राहतो त्या फ्रँकफर्टला लागूनच नॉय-इझेनबुर्ग आहे. बर्था पापेनहाइम (१८५९-१९३६) यांनी १९०७ मध्ये तिथं निराधार ज्यू मुली, कुमारी मातांसाठी आश्रम काढला. तरुणपणी व्हिएन्नात डॉ. ब्रॉयर यांनी त्यांच्या मानसिक आजारावर उपचार केले होते. त्या बोलायच्या, डॉक्टर ऐकायचे. १८९५ मध्ये ब्रॉयर-फ्रॉईड यांच्या पुस्तकात त्या ‘आना ओ.’ झाल्या, आणि बऱ्या झाल्याचंही छापून आलं. प्रत्यक्षात नंतरही त्यांना वारंवार सॅनिटोरियममध्ये राहावं लागलं होतं! त्या दिवसांविषयी त्या पुढे बोलत नसत. आश्रमातल्या मुलींच्या मनोविश्लेषणालाही त्यांचा विरोध असे. नाव बदललं की माहिती सुरक्षित, असं आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना वाटतं. १९५३ मध्ये अर्नेस्ट जोन्स यांनी फ्रॉईडच्या चरित्रात त्यांचं खरं नाव छापलं. नातेवाईक चिडले, पण छापलेलं परत कसं घेणार?