श्रीमंत थोरले माधवराव पेशवे आणि श्री क्षेत्र थेऊर

श्री चिंतामणीच्या मंदिराचा प्रशस्त लाकडी सभामंडप थोरले माधवराव पेशवे यांनी बांधविला. श्रीगजाननावर त्यांची अनन्य निष्ठा होती.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर ज्येष्ठ बंधू विश्वासराव व सदाशिवरावभाऊ पडले. त्या दुःखाने खचलेले वडील नानासाहेब २३ जून रोजी पर्वतीवर निवर्तले आणि अवघ्या सोळाव्या वर्षी माधवरावांस पेशवाईची वस्त्रे मिळाली. सोबत कर्जाचा डोंगर आला, आणि कारभार आपल्याच हाती असावा असे वाटणारे चुलते राघोबादादाही.

१७६२ मध्ये दादांनी निजामाचे साहाय्य घेऊन पुतण्यावरच शस्त्र धरले. घरच्या कलहात राज्य बुडेल हे जाणून माधवराव आळेगाव येथे स्वतः चुलत्यांच्या स्वाधीन झाले. तरुण रक्तास हे सोपे नव्हते. पुढील वर्षी निजामाने पुणे लुटले, तेव्हा १० ऑगस्ट १७६३ रोजी गोदाकाठी राक्षसभुवन येथे त्याचा पराभव करण्यात आला. त्यानंतर कारभाराची सूत्रे हळूहळू माधवरावांकडे आली. हैदरअलीवर त्यांनी अनेक स्वाऱ्या केल्या. १७६८ मध्ये धोडपच्या लढाईत दादांना कैद करून शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवणे त्यांस भाग पडले. १७७१ मध्ये मराठी फौजा पुन्हा दिल्लीत शिरल्या. पानिपतास तेव्हा जेमतेम दहा वर्षे झाली होती.

वेठबिगारीस त्यांनी आळा घातला. न्यायासनावर रामशास्त्री प्रभुणे होते. माधवराव जपतपात फार वेळ घालवू लागले, तेव्हा प्रजापालन हेच राज्यकर्त्याचे अनुष्ठान होय, अशा आशयाची कानउघाडणी शास्त्रीबुवांनी केली आणि पेशव्यांनी ती निमूटपणे मान्य केली, असे सांगतात.

क्षयाने शरीर पोखरल्यावर ते थेऊरास श्रींच्या सान्निध्यात येऊन राहिले. अखेरच्या दिवसांतही कर्जफेडीची चिंता सुटली नव्हती. ती पुरी व्हावी म्हणून त्यांनी लेखी सूचना करून ठेवल्या. दादांस बोलावून धाकटे बंधू नारायणराव यांस त्यांच्या हवाली केले. कार्तिक वद्य अष्टमी, १८ नोव्हेंबर १७७२ रोजी वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्यांनी येथेच देह ठेवला. पत्नी रमाबाई सती गेल्या; त्यांचे स्मारक थेऊरास आहे.

नारायणरावांचा ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात खून झाला आणि त्या कटाचा ठपका राघोबादादांवर आला.