पंडिता रमाबाई व इब्री शास्त्रांतील स्त्रिया

आमच्या नगर शहरालगत एक केडगांव आहे. परंतु येथें लिहावयाचें तें पुणें जिल्ह्यांतलें, दौंडापलीकडचें केडगांव होय. तेथें ५ एप्रिल १९२२ रोजीं पंडिता रमाबाई प्रभूमध्यें निद्रिस्त झाल्या.

बाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं पत्नीस संस्कृत शिकविलें आणि आईनें ती विद्या लेकीस दिली. दुष्काळांत आईबाप गेले. भावाबरोबर पायीं हिंडत ही मुलगी १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचली व तेथें पंडिता ठरली. धर्मशास्त्रें वाचतां वाचतां तिला दिसून आलें कीं, इतर बाबतींत ग्रंथकारांचे कितीही मतभेद असोत, स्त्रीजात दुष्ट आहे याविषयीं सर्वांचें एकमत आहे. पुढें विवाह झाला, आणि दोन वर्षांच्या आंत वैधव्य आलें. पदरीं तान्ही मनोरमा.

१८८३ सालीं बाई इंग्लंडास गेल्या. लंडनांत फुलम येथें ख्रिस्ती भगिनी पतित स्त्रियांची सेवा करीत, तें त्यांनीं पाहिलें. इकडे अशा स्त्रीस गांवाबाहेर घालवीत, आणि तिला त्या वाटेस लावणारा पुरुष मात्र पंक्तीस बसे! त्याच वर्षीं त्यांचा बाप्तिस्मा झाला. केडगांवीं पुढें निघालेलें कृपासदन हें त्या पाहण्याचेंच फळ, असें आम्हांस वाटतें.

उत्तरवयांत इब्री व हेल्लेणी भाषा शिकून बाईंनीं सर्व पवित्र शास्त्र सोप्या मराठींत आणावयास घेतलें. तेव्हां कोणत्या गोष्टी त्यांच्या हातांखालून गेल्या, हें वाचकांनीं मनांत आणावें. हव्वेस लाविलेला साह्याचा इब्री शब्द स्तोत्रांत देवाच्या साह्याविषयींही येतो. आदाम दोष बायकोवर ढकलतो, तरी देव त्याचा जाब त्यालाच विचारितो. तामार ही तर तरुण विधवा. यहूदानें तिला खोट्या आशेवर माहेरीं बसवून ठेविलें, आणि ती गरोदर आहे असें ऐकतांच तिला जाळावयाची आज्ञा केली. तिनें त्याचीच मुद्रा व काठी पुढें ठेविली, तेव्हां आपणापेक्षां ती अधिक नीतिमान आहे हें त्याला चारचौघांत कबूल करावें लागलें. ज्या घरीं विधवा सून आहे, तेथें हा अध्याय मोठ्यानें वाचावा. बथशेबेच्या प्रकरणीं नाथान संदेष्टा दाविदाकडे गेला. तिला त्यानें एका शब्दानेंही बोल लाविला नाहीं. मात्र स्त्री म्हणून कोणी सुटतही नाहीं. नाबोथाचा घात करविणाऱ्या ईजबेलीस आपल्या कर्माचें फळ भोगावें लागलें, आणि गप्प बसून मळा घेणाऱ्या अहाबासही दंड झाला. लेव्याच्या उपपत्नीची गोष्ट तर वाचवत नाहीं. पण शास्त्रानें ती झांकलेली नाहीं.

१९२१ सालीं मनोरमाबाई वारल्या. कामांत उजवा हात असलेली एकुलती एक लेक गेली, तरी बाईंनीं लेखणी खालीं ठेविली नाहीं. मृत्यूपूर्वीं भाषांतर पुरें झालें, आणि १९२४ सालीं मुक्ति मिशनाच्या छापखान्यांतून तें बाहेर पडलें.