गोपुरीचे जमनालालजी

जमनालाल बजाज म्हटले की आपल्याला कापसाचा व्यापार आणि स्वातंत्र्याची चळवळ आठवते. पण या धनिकाने आयुष्याचे शेवटचे महिने गाईच्या सेवेत घालवले, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

जमनालालजींचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ चा, राजस्थानात सीकरजवळचा. वर्ध्याच्या शेठ बच्छराजांनी त्यांना नातू म्हणून दत्तक घेतले. व्यापारात त्यांनी नाव कमावले. इंग्रज सरकारने दिलेली रायबहादुर पदवी १९२१ साली असहकारात सोडून दिली. १९२८ मध्ये वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले केले.

१९४१ मध्ये तुरुंगातून सुटले तेव्हा तब्येत खालावलेली होती. गांधीजींच्या सल्ल्याने त्यांनी गोसेवा संघाचे काम अंगावर घेतले आणि वर्ध्याजवळ गोपुरीत झोपडी बांधून राहिले.

संघाची रीत निव्वळ पूजेची नव्हती, बरं का! सभासदाने गाईचेच दूध-तूप खायचे आणि चामडे वापरायचे तर आपोआप मेलेल्या जनावराचेच. म्हणजे गाईच्या दुधाला गिऱ्हाईक मिळते आणि मेलेल्या जनावराचेही मोल होते. गाय मालकाला परवडली तरच वाचते, हे त्यामागचे साधे गणित. चांगला वळू, पोटभर चारा आणि शेणाचे खत हे त्याच गणितातले पुढचे आकडे.

११ फेब्रुवारी १९४२ रोजी जमनालालजी अचानक गेले. वय अवघे ५२. पुढे संघाची धुरा पत्नी जानकीदेवींनी सांभाळली.

आता आपल्या गोठ्याकडे वळू. आपल्या जिल्ह्याची गवळाऊ जात चपळ आणि उन्हाला टिकणारी. पण ट्रॅक्टर आला, बैलाची मागणी घटली. २०१५ च्या कायद्याने बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली. मग म्हातारा बैल कुठे जातो? रस्त्यावर, नाहीतर शेजाऱ्याच्या तुरीत.

म्हणून सरपंच आणि ग्रामसेवकांनी ग्रामसभेत तीन गोष्टी ठरवाव्यात. जातिवंत गवळाऊ वळूची सोय करा आणि निकस गोऱ्ह्यांचे वेळेवर खच्चीकरण करून घ्या. कुटार जाळू नका, साठवा. भाकड जनावरांच्या शेणमुताचे खत शेतात जाऊ द्या. जनावराचा खर्च थोडा तरी त्यातून निघाला, तर ते दावणीला राहील.